राहिलेलं दार

आमच्या बिल्डिंगच्या आवारात बदामाच्या झाडाभोवती एक गोल कट्टा होता. संध्याकाळी ऑफिसातून आलेली माणसं तिथे टेकायची, दुधापासून दिल्लीपर्यंत सगळ्याचा निकाल लावायची आणि घरून हाक आली की उठायची. तळमजल्यावरचे सर मात्र तिथे कधी बसले नाहीत. गप्पांना हजर, पण उभ्याने. सुरुवातीला आम्हाला वाटलं, मूळव्याध असेल. एकदा मी जरा सरकून घेत म्हटलं, "सर, बसा ना, जागा आहे." त्यांनी कट्ट्याभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं आणि फार सौजन्याने म्हणाले, "नाही हो. या कट्ट्यावर एकही जागा नाही."

कट्ट्यावर त्या वेळी मी एकटाच बसलो होतो.

ही गोष्ट पूनम सागर वसाहतीतली, नव्वदच्या आगेमागची. आम्ही नवरा-बायको लालबागच्या एका खोलीतून उठून मिरा रोडला दोन खोल्यांत आलो, तेव्हा मागच्या खिडकीतून थेट मिठागरं दिसायची आणि पाहुणे यायच्या आधी दोनदा विचारायचे, "तिथे दिवे आहेत ना?" आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर होतो. तळमजल्यावर सर आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळी बिल्डिंग ताईच म्हणायची. सर मुंबईत एका कॉलेजात गणित शिकवायचे. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की शिकवण्यामुळे विचार करायला वेळ मिळत नाही. त्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली, आणि गिरगावातली खोली सोडून इथे आले. विचार कसला, तर अपूर्णांकांचा.

कट्ट्याचं कोडं त्यांनी मला नंतर उलगडून सांगितलं. आवारात चौकोनी शहाबादी फरशी होती, त्यामुळे सरांच्या लेखी अख्खं आवार म्हणजे आलेखाचा कागद. "हे बघा," ते म्हणाले, "पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या भाषेत किती सुंदर शब्द आहेत! या सगळ्या परिमेय संख्या. आता मध्यापासून इकडे किती फरश्या आणि तिकडे किती फरश्या, हे दोन्ही अशा आकड्यांत सांगता आलं, तर ती खरी जागा. नाहीतर नुसतं सिमेंट." आमच्या कट्ट्याचा मध्य नेमका चार फरश्या जुळतात तिथे होता आणि मध्यापासून कडेचं अंतर होतं तिनाच्या वर्गमुळाइतक्या फरश्या. अशा गोलावर एकही खरी जागा सापडत नाही, कितीही बारीक अपूर्णांक घ्या, आणि हे म्हणे सिद्ध करता येतं. ते त्यांनी मला जिन्याच्या भिंतीवर खडूने सिद्ध करूनही दाखवलं.

"पण सर, बांधणाऱ्याने हे अंतर मोजलं कसं?"

"मी मुकादमाला गाठून विचारलं. तो म्हणाला, अंदाजाने केलाय." सर गदगदून गेले होते. "अंदाजाने तिनाचं वर्गमूळ! काय माणूस असेल!"

स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी पार्किंगच्या बाजूला खडूने दुसरा गोल काढून ठेवला होता, जरासा लहान. त्याची कड बरोबर एका फरशीच्या कोपऱ्यातून जायची. त्या कोपऱ्यावर ते उभे राहायचे. "एक जागा सापडली की झालं," हे त्यांचं लाडकं वाक्य. मग छत्री आडवी धरून दाखवायचे: या एका बिंदूतून परिमेय उताराची रेष काढा, ती गोलाला पलीकडे जिथे कापेल तीही खरी जागा. उतार बदला, दुसरी जागा. अशा कधी संपणार नाहीत इतक्या. सगळी अडचण ती पहिली सापडेपर्यंतच. पावसाने गोल पुसला की सर उघाडीची वाट बघायचे आणि पुन्हा काढायचे. शहाभाईंची स्कूटर त्यात उभी राहिली की फार कासावीस व्हायचे.

माणसांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. त्यामागचं गणित असं. एखाद्या समीकरणाला अपूर्णांकांत उत्तर आहे का, हे एकदम कळत नाही. मग एकेका मूळ संख्येच्या दारी जाऊन चौकशी करायची. दोनाला विचारायचं, तुझ्यापुरतं उत्तर आहे का? मग तिनाला, मग पाचाला, साताला. कुणी एकाने जरी नाही म्हटलं तरी खेळ संपला. आमच्या कट्ट्याला तीन नाही म्हणतो, म्हणून तिथे जागा नाही. आणि सगळ्यांनी हो म्हटलं तर? तर समीकरण वर्गाचं असेपर्यंत उत्तर नक्की असतं. वर्गाची माणसं सरळ. पण घन आला की हमी गेली. प्रत्येक जण आपापल्या दारात हो म्हणतो आणि एकत्र उत्तर मात्र नसतं. असं का होतं, हाच सरांचा जन्माचा विचार.

"आणि एक सांगतो," ते बोट वर करायचे, "पोरं सगळ्या मूळ संख्यांना विचारतात आणि शेवटचं एक ठिकाण विसरतात. आपली साधी, मोजपट्टीवरची संख्या. इतकी समोर असते की तिला विचारायचं असतं हेच डोक्यात येत नाही. मी अशांना शून्य मार्क द्यायचो."

तर शब्दाला जागणारा माणूस म्हणजे वर्ग, आणि दारात एक, चारचौघांत दुसरंच बोलणारा म्हणजे घन. मला त्यांनी वर्ग ठरवलं तेव्हा मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं. शहाभाई चौथ्या घाताचे होते. दूधवाला अजून अभ्यासात होता. सबंध बिल्डिंगला सरांनी घात वाटून टाकले होते, फक्त ताईंना कधी दिला नव्हता. ताई सरांना वेळेवर जेवायला वाढायच्या, सदऱ्यावरचा खडू झटकायच्या आणि त्यांच्या खिडकीखालच्या चार हात मातीत कढीपत्ता, गवती चहा, ओवा असलं काहीबाही लावायच्या. आवारात फरशी नसलेली ती एवढीच जागा. सर म्हणायचे, तिथे मोजता येत नाही.

आता पाण्याचं. नळाला पाणी यायचं, पण त्याला दाब नसायचा. तळमजल्यापर्यंत कसंबसं यायचं आणि तिथेच दम टाकायचं. गच्चीवरची टाकी कोरडी. टँकर आला की सगळ्यांनी बादल्या घेऊन धावायचं. अशात बायकोला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, जिना कमी आणि बादली अजिबात नाही. मी ऑफिसला निघायच्या आधी पाणी भरायचो आणि संध्याकाळी हाशहुश करत पुन्हा भरायचो, पण दुपारी टँकर आला की ही गुपचूप उतरायचीच. एकदा जिन्यात चक्कर येऊन बसली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "अहो, मी साताऱ्याला जाते आईकडे. आणि स्पष्ट सांगते, या घरात नळाला पाणी आल्याशिवाय बाळाला घेऊन मी इथे यायची नाही." माझी बायको वर्ग होती, यात मला कधीच शंका नव्हती. मी हादरलो.

उपाय साधा होता. जमिनीखाली एक टाकी बांधायची, तळमजल्याला येणारं पाणी तिच्यात साठवायचं आणि मोटर लावून गच्चीवर चढवायचं. आजूबाजूच्या बिल्डिंगांनी तेच केलं होतं. आमच्याकडे चेअरमनच नव्हता. कुणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून एका रविवारी सरांना केलं. ते तेव्हा खडूच्या गोलावर उभे होते आणि त्यांनी नुसती मान हलवली होती, ती बहुधा दुसऱ्याच कशाला तरी होती.

पण चेअरमन झाल्यावर सरांना जाग आली. ते मला म्हणाले, "सभा कशाला? ही तर स्थानिक चौकशी आहे. एकेका दारी जाऊ." आणि खरंच, मला बरोबर घेऊन ते प्रत्येक दाराची बेल वाजवत फिरले. खादीचा सदरा, पायात चपला, हातात खडू. दार उघडलं की एकच प्रश्न: "टाकी हवी?" सगळे हो म्हणाले. शहाभाई तर म्हणाले, "अरे सर, टाकी पायजेच ना! पानीशिवाय काय लाइफ हाय?" पहिल्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकू मूळच्या उत्तनच्या. त्या म्हणाल्या, "आमी कवापासून सांगताव, बांधा म्हनून. न्हाय कोन म्हनंल?" सर माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. वरच्या मजल्यावर आमच्या दारात आले तेव्हा बायकोलाही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "सर, हो म्हणजे काय, हातात घमेलं घेऊन येते."

"झालं," सर जिना उतरताना म्हणाले, "सगळी स्थानं हो म्हणतात. उत्तर अस्तित्वात आहे."

तरीही जागा ठरवायला सभा घ्यावी लागली आणि सभेत जो काही गोंधळ झाला, त्याला तोड नाही. प्रत्येकाला टाकी हवी होती, पण आपल्या खिडकीखाली नको होती. मोटरीची घरघर येणार, ओल येणार, डास होणार. शहाभाईंनी टाकी म्हात्रेकाकूंकडे ढकलली, काकूंनी ती मागच्या बाजूला भिरकावली, मागच्यांनी फाटकापाशी आणली. टाकी सबंध बिल्डिंगभोवती फिरून आली. सर भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर यातना होत्या. "घन," ते मला कुजबुजले, "अख्खी सोसायटी घन आहे."

तेवढ्यात शहाभाई म्हणाले, "मग चेअरमनसाहेबांच्याच खिडकीखाली करा ना! तिथे फरशीपण नाय, तोडफोडपण नाय."

सर म्हणाले, "चालेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर ते माझा हात दाबून म्हणाले, "बघितलंत? एक जागा सापडली की झालं." मी पेढेच आणायचा बाकी होतो.

खोदकामवाले आले तो दिवस मी रजा काढून घरी होतो. थोड्याच वेळात त्यांचा म्होरक्या कट्ट्यापाशी सरांना आणि मला गाठून म्हणाला, "साहब, माताजी उठ नहीं रही हैं." आम्ही जाऊन पाहतो तर ताई लाकडी खुर्ची टाकून कढीपत्त्याच्या शेजारी बसलेल्या. मांडीवर परात, परातीत मटार. चार माणसं फावडी-कुदळी घेऊन भोवती उभी आणि ताई शांतपणे शेंगा सोलत होत्या.

"ताई, टाकी खणायची आहे," सर म्हणाले.

"खणा की," ताई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

"मग उठ ना."

ताई उठल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मटार संपल्यावर त्यांनी मेथी घेतली. दुपारपर्यंत वाट पाहून खोदकामवाले आपली हत्यारं उचलून हाटकेशला दुसऱ्या कामावर निघून गेले.

सरांची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. सगळी स्थानं हो म्हणाली, सगळ्यांच्या अटी पाळल्या गेल्या, आणि तरी उत्तर नाही! हे घनाच्याही पलीकडचं होतं. ते आवारात येरझाऱ्या घालत होते, गोलातून आत-बाहेर करत होते, भिंतीवर लिहून पुसत होते. ताई खिडकीत उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. भावाच्या दुखण्याचं औषध आपणच आहोत हे त्यांना माहीत होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला त्यांचा फक्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको साताऱ्याला निघाली. तिचा मामा न्यायला आला होता. रिक्षात बसताना तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, खिडकीखालच्या त्या मातीकडे पाहिलं. म्हणाली, "मला एक सांगा, तुम्ही दोघं सगळ्यांची दारं वाजवत फिरलात. ताईंना विचारलंत का?"

मी तसाच सरांकडे गेलो. ते खडूच्या कोपऱ्यावर उभे होते. मी बायकोचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. सरांच्या हातातला खडू खाली पडला. "शेवटचं ठिकाण," ते पुटपुटले. "समोरचं. मी... मी विसरलो. मला शून्य मार्क."

मग त्यांनी सदऱ्यावरचा खडू झटकला, जो नेहमी ताई झटकायच्या, आणि स्वतःच्या घराकडे गेले. दार उघडंच होतं. त्यांनी हात आत घालून ते ओढून घेतलं, लावलं, आणि बेल वाजवली. ती बेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाजवली असावी, कारण आवाज ऐकून तेच दचकले. ताईंनी दार उघडलं.

"मी सोसायटीचा चेअरमन," सर म्हणाले. "टाकीबद्दल विचारायला आलोय. तुमच्या खिडकीखाली. चालेल का?"

ताईंनी भावाकडे खालून वर पाहिलं. पदराला हात पुसले. आणि म्हणाल्या, "नाही."

दार बंद झालं. सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "नाही म्हणाली!" ते मला मिठी मारून म्हणाले. "स्वच्छ नाही! एकाने नाही म्हटलं की उत्तर नसतं, नसायलाच हवं. काहीही बिघडलेलं नाही. नियम शाबूत आहे!"

"सर, नियम शाबूत आहे, पण माझं बाळ साताऱ्यात राहील!"

"हो, ते आहे," सर म्हणाले आणि आनंदाने शीळ घालत त्या रिकाम्या कट्ट्याभोवती फिरू लागले.

संध्याकाळी मीच ताईंकडे गेलो. हात जोडले. म्हटलं, "ताई, कढीपत्ता मी स्वतः दुसरीकडे लावून देतो, माती आणून देतो, उत्तनजवळच्या डोंगरीहून खत आणतो, पण हो म्हणा." ताई हसल्या. मला बसवून चहा दिला, गवती चहा घातलेला.

"अरे, कढीपत्त्याचं काय घेऊन बसलास," त्या म्हणाल्या. "याने नोकरी सोडली, मला नाही विचारलं. गिरगावातली खोली सोडली, मला नाही विचारलं. मी तिथे शाळेत शिवण शिकवायचे. एके सकाळी टेम्पो दारात आला, तेव्हा कळलं की आपण मिरा रोडला चाललोय. परवा माझ्या खिडकीखाली टाकी ठरली, ती मला खोदकामवाल्याने सांगितली. आज याने पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं. जन्मात पहिल्यांदा. लगेच हो म्हणून ते संपवून टाकू?"

मी चहा पीत राहिलो.

"उद्या परत विचारू दे," ताई म्हणाल्या.

मी सरांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेल वाजवली. ताई म्हणाल्या, "नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "विचार करते." कट्ट्यावरची मंडळी आता त्या वेळी मुद्दाम जमायची. शहाभाईंनी सरांना सल्ला दिला, "सर, खाली हात नाय जायचं, कायतरी घेऊन जा ना." तेव्हा सर एकदा सोनटक्क्याची फुलं घेऊन गेले, एकदा भाईंदरहून जिलेबी. एकदा आत बसून तासभर बोलत होते. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. मला म्हणाले, "ती चांगलं शिकवायची हो शिवण. मला माहीतच नव्हतं." नंतर कधीतरी एका सकाळी ताईंनी दार उघडलं आणि सरांनी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "खणा. पण मोटर मी लावणार. कधी लावायची ते मला विचारायचं."

टाकी झाली. मोटरीचं बटण ताईंच्या खोलीत बसवलं. पहिलं पाणी गच्चीवर चढलं तेव्हा मी आमच्या नळाखाली हात धरून उभा होतो. आधी नळ खोकला, मग गढूळ धार आली, मग स्वच्छ. मी धावत एसटीडी बूथवर गेलो. बायकोने पलीकडून विचारलं, "ताईंना विचारून बांधली ना?" आमची मुलगी महिन्याची होऊन मिरा रोडला आली. तिची इथली पहिली आंघोळ ताईंनी घातली.

सरांनी ताईंचा घातही जाहीर करून टाकला. "शुद्ध वर्ग," ते कट्ट्यावर, म्हणजे कट्ट्याशेजारी उभे राहून म्हणाले. "नाही म्हणजे नाही, हो म्हणजे हो." मोटरीच्या घरघरीत त्यांना घरात विचार करता येईना, म्हणून खडूच्या गोलावरचा मुक्काम वाढला. घनाचं कोडं त्यांना सुटलं की नाही, मला ठाऊक नाही. पण एक सवय कायमची लागली. घराचं दार उघडं असलं तरी ते आधी लावून घ्यायचे, बेल वाजवायचे आणि ताईंनी उघडल्यावर विचारायचे: "चहा करतेस का?" "आत येऊ का?" "पंखा लावला तर चालेल?" ताई कधी हो म्हणायच्या, कधी नाही. नाही म्हटलं की सर निमूट माघारी फिरायचे. ताईंच्या चेहऱ्यावर त्या वर्षांत एक वेगळीच कळा आली होती, सगळ्या बिल्डिंगने बघितली.

ताई गेल्या त्या वर्षी मुलगी शाळेत जायला लागली होती. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. मोटरीचं बटण जिन्याखाली हलवलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होतो तर सर आपल्या दाराबाहेर उभे. दाराला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या हातात होती. त्यांनी बेल वाजवली. ती आत रिकाम्या घरात वाजली. सर नेहमीइतकेच थांबले, मान किंचित कलती करून, जसे ते दारात उत्तर ऐकायचे तसे.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज नाही म्हणतेय. तुमच्याकडे चहा मिळेल का?"